मास्तरांची तंद्री

मास्तर कापड कापायला उभे राहिले की दुकानात कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा नियम होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण पाळायचे सगळे. आणि हातात कात्री धरून मास्तर मधेच थांबले, नजर कापडाच्या पलीकडे कुठेतरी लागली, की मग तर विचारूच नका. शिलाईच्या तिन्ही मशिनी बंद. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून ठेवणार. एखादं गिऱ्हाईक बोलत असलं तर वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, ओठांवर बोट ठेवून त्याला बाकावर बसवणार आणि हळूच सांगणार, "थांबा हं जरा. तंद्री लागलीय."

थोड्या वेळानं मास्तर डोळे मिचकवायचे, खडूची रेघ शोधायचे आणि सरसर कापून मोकळे व्हायचे. त्यांनी कापलेला कोट अंगात घातला की कुबड्या माणूससुद्धा ताठ दिसायचा. "मास्तर कापडाला विचारून कापतात," असं लोक म्हणायचे. आता कापड काय डोंबल बोलतं? पण लोकांना अशा गोष्टी आवडतात, आणि खोटं कशाला बोला, मास्तरांनाही आवडायच्या. कुणी तंद्रीबद्दल विचारलं की ते मान खाली घालून हसायचे आणि म्हणायचे, "येते ती. मी काही बोलावत नाही."

एकदा एका नव्या कारागिरानं ऐन तंद्रीत मोठ्यानं हाक मारली होती. मास्तरांची कात्री भलतीकडेच गेली आणि एका नवरदेवाच्या कोटाची पाठ वाया गेली. सगळं खापर त्या बिचाऱ्यावर फुटलं. तेव्हापासून वहिनींनी दुकानाची शांतता हातात घेतली. काज-बटणांचं काम घेऊन त्या खिडकीशी बसायच्या, पण एक डोळा कायम मास्तरांवर. नवऱ्याचा गुण असा जपणारी बायको मिळायलाही नशीब लागतं. आणि कधीकधी हेच नशीब उलटंही फिरतं, पण ते पुढे येईलच.

मास्तर तसे साधे. बारीक अंगाचे, गळ्यात टेप, आणि तो टेप जेवतानासुद्धा काढायचे नाहीत. माणूस भेटला की आधी त्याचे खांदे बघायचे, मग तोंड. लेकीला बघायला मुलगा आला तेव्हा सगळे त्याची नोकरी विचारत होते, आणि मास्तर म्हणाले, "डावा खांदा थोडा उतरलाय, पण चालेल, पॅड टाकू." वहिनींना त्या दिवशी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दुकानातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस म्हणजे मशीनवरचा कारागीर, पोपट. त्याचं खरं नाव काहीतरी होतं, पण जिभेला हाड नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी दुकान उघडून चहा झाला होता. मास्तरांच्या हातात कात्री नव्हती, खडू होता, हेच काय ते दैव. त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, ना हाक ना कण्हणं, आणि उभं माणूस टेबलावरचा कापडाचा गठ्ठा घेऊन खाली कोसळलं. अंग आधी फळीसारखं ताठ झालं, मग गदागदा हलायला लागलं. डोळे उघडे, पण त्यांत मास्तर नव्हते. ओठ निळे पडले.

सगळ्यांच्या पाचावर धारण बसली. इस्त्रीवाल्यानं तोंडावर पाणी ओतलं. दातखिळी बसलीय म्हणून पोपटानं लाकडी पट्टी दातांत घुसवायला बघितली. पट्टीचा तुकडा उडाला आणि हिरडीतून रक्त आलं. वहिनी "अहो, अहो" म्हणत त्यांचे हात दाबून धरत होत्या, आणि त्या बारीक हातांत कुठून एवढं बळ आलं ते त्यांना कळत नव्हतं. मग हलणं आपोआपच थांबलं. मास्तर घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागले. त्यांची विजार ओली झालेली वहिनींनी बघितली आणि हाताला लागलं ते कापड ओढून त्यांच्या अंगावर घातलं. ते दुकानातलं सगळ्यात महागाचं सुटाचं कापड होतं. पोपट बघत राहिला, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

दवाखान्यात पोचल्यावरही मास्तर बराच वेळ गोंधळलेले होते. बायकोला ओळखत होते, पण आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी बोटाला टोचून साखर बघितली, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, रक्त पाठवलं. त्या वाकून डोळ्यांत बॅटरी मारत होत्या, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं आणि जड जिभेनं म्हणाले, "बाई, खांद्याची शिवण उसवलीय तुमच्या." वहिनींचा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे त्या रडायला लागल्या.

"आता मला सांगा, पडताना कुणी कुणी बघितलं?" बाईंनी विचारलं. "यांना स्वतःला काही आठवणार नाही. माझ्या सगळ्या मशिनींपेक्षा तुम्ही बघितलेलं जास्त कामाचं आहे."

पोपटाला असं आमंत्रण उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. तो पुढे सरसावला. मान कुठे वळली, आधी ताठ झाले की आधी हलले, सगळं त्यानं करून दाखवलं. किती वेळ चाललं या प्रश्नावर वहिनी म्हणाल्या, "जन्मभर." पोपट म्हणाला, "पँटची एक बाजू शिवून होईल एवढा वेळ." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिवून दाखवा बरं." पोपट खुर्चीवर बसून हवेत मशीन चालवत राहिला आणि बाई मनगटावरच्या घड्याळात बघत राहिल्या.

मास्तरांच्या जिभेची कड चावली गेली होती, तीही बाईंनी बघितली. हिरडीचं विचारलं तेव्हा पट्टी बाहेर आली, आणि मग पोपटाची चांगलीच हजेरी घेतली. तोंडात काहीही घालायचं नाही, ना पट्टी, ना चमचा, ना पाणी. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टोचणारं-लागणारं लांब करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, थांबलं की कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर धावत दवाखाना गाठायचा.

मग झोपेचं विचारलं, दारूचं विचारलं, नवीन औषधाचं, लहानपणच्या तापाचं, डोक्याच्या माराचं, घरात कुणाला आकडी येते का त्याचं. सगळ्याला नाही. दारूचं म्हणाल तर मास्तरांना खोकल्याच्या औषधानं चढायची.

"आणि याआधी कधी असं झालंय? एवढं मोठं नाही, लहानसं? एकटक बघत राहणं, हाक मारली तर ओ न देणं, तोंड चघळत राहणं, हातानं उगाच काहीतरी चाचपत राहणं?"

"छे," मास्तर म्हणाले.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "उलट यांच्याइतकं लक्ष लावून काम करणारा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. जे डोळ्यांना चांगलं म्हणून दिसतं ते आजार म्हणून कसं दिसणार?

डोक्याचा फोटो चांगला आला, रक्तही चांगलं आलं. बाई म्हणाल्या, आयुष्यात एकदा अशी फिट बऱ्याच जणांना येते आणि परत कधी येत नाही. पहिलीच असेल आणि तपासण्या ठीक असतील तर लगेच गोळ्यांचा मारा करत नाहीत. मेंदूचा आलेख काढू, मग बसून ठरवू. तोवर गाडी नाही, शिडी नाही, कात्री नाही, इस्त्री नाही, आणि मोरीला आतून कडी लावायची नाही. शेवटचं ऐकून मास्तर लाजले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दुकानात खुर्चीवर बसून नुसतं सांगायचे आणि पोपट कापायचा. पोपटाचं कापणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. एका दुपारी मास्तरांना राहवेना. खडू घेऊन ते टेबलाशी आले, बाहीची गोलाई काढायला लागले, आणि थांबले.

नेहमीसारख्या मशिनी बंद झाल्या. इस्त्री उभी राहिली. वहिनींचं बोट सवयीनं ओठांकडे गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. कारण त्यांना दिसलं की मास्तर तोंड चघळतायत, तोंडात काही नसताना. डावा हात सदऱ्याची कड चिमटीत धरून चोळतोय, सोडतोय, परत चोळतोय. हे त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं असं नाही. शंभरदा बघितलं होतं. पण बघणं वेगळं आणि कुणीतरी विचारल्यावर बघणं वेगळं.

वहिनी उठल्या. इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. तंद्रीत हाक मारली.

"अहो."

पोपटानं डोळे वटारले. इस्त्रीवाला हातानं नको नको करायला लागला. वहिनी टेबलाला वळसा घालून अगदी समोर गेल्या. "अहो! इकडे बघा. अहो, मी आहे." खांद्याला हात लावला. मास्तरांची नजर त्यांच्यावरून अशी गेली, जशी भिंतीवरून जाते. आपलं माणूस आपल्या हाताखाली आहे आणि तरी तिथे नाही, हे किती भयंकर असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

मग मास्तरांनी डोळे मिचकवले. खडूची रेघ शोधली. "हं, तर ही गोलाई इथून."

"मी आत्ता काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"तू? तू कुठे काय म्हणालीस?"

वहिनी स्टुलावर जाऊन बसल्या. गिऱ्हाइकांना गप्प बसवलं, कारागिरांना दटावलं, त्या एका पोराला तर पाठ वाया गेली म्हणून घालूनपाडून बोलल्या, आणि तो बिचारा एकटाच नीट वागला होता. त्यानं निदान हाक तरी मारली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही," ते म्हणाले.

"असं कसं?"

"अगं, लोक माझ्याकडे का येतात? कापतात तर सगळेच. माझ्याकडे ती तंद्री आहे म्हणून येतात. उद्या तो आजार ठरला तर माझं काय उरलं? म्हणजे इतके दिवस आजार कापत होता आणि मी नुसता कात्री धरून उभा? झाकली मूठ सव्वा लाखाची, तशीच राहू दे."

"मूठ झाकायला माणूस तर उरायला हवा ना!" वहिनी ओरडल्या. त्या घरात ओरडण्याची सवय नव्हती.

वहिनींना रात्रभर दोन्हीकडून पटत राहिलं. सांगावं तर नवऱ्याच्या सगळ्या अभिमानावर आपल्याच हातानं कात्री चालवायची. न सांगावं तर कात्री त्याच्या हातात, आणि तो स्वतः तिथे नसताना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मेंदूचा आलेख काढला त्या दिवशी मास्तरांच्या डोक्याला सगळीकडून तारा चिकटवल्या होत्या. आलेख बघून बाई म्हणाल्या, "यात काही सापडलं नाही. पण त्या थोड्या वेळात मेंदू शहाण्यासारखा वागला, एवढाच त्याचा अर्थ. बाकीचं मी तुमच्या सांगण्यावरच ठरवणार. एकच फिट असेल तर गोळ्या न देता वाट बघायलाही माझी हरकत नाही. मग, आणखी काही सांगायचंय?"

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि उठायला लागले.

"आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत त्यांनी तंद्री सांगितली, चघळणं सांगितलं, सदऱ्याची कड सांगितली, हाक मारलेली सांगितली. बाईंनी मधे एकदाच विचारलं, "दर वेळी असंच? हात हाच?" वहिनींनी मान हलवली.

"मग परवाची पहिली फिट नव्हतीच," बाई म्हणाल्या. "पहिली मोठी होती. या लहान फिट कधीपासूनच येतायत. मास्तर, याला अपस्मार म्हणतात. आता मात्र गोळी सुरू करायची. बऱ्याच लोकांना चांगला गुण येतो."

"बाई," मास्तर खाली बघत म्हणाले, "मग इतकी वर्षं कापत कोण होतं?"

"तुम्हीच. त्या तेवढ्या वेळात तुमचा मेंदू जागेवर नसतो हो, तो काय कापणार? कापलंत ते परत आल्यावर."

मास्तरांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही ते दिसतच होतं. घरी येईपर्यंत ते बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. नंतरही कामापुरतंच. वहिनी सकाळ-संध्याकाळ गोळी आणि पाणी पुढे करायच्या आणि ते मुकाट घ्यायचे. गोळीनं चिडचिड वाढू शकते, तसं झालं तर लगेच कळवा, असं बाईंनी सांगितलं होतं. पण माणूस बायकोवर रुसलेला असताना चिडचिड गोळीची कुठली आणि नवऱ्याची कुठली, हे कुणी ओळखायचं? वहिनींनी तरी फोन करून सांगितलं. बाईंनी गोळी थोडी बदलून दिली. चिडचिड गेली, रुसवा राहिला, तेव्हा कुठे हिशेब लागला.

तंद्री मात्र यायची थांबली. वहिनींनी दुकानात नवा नियम काढला की आता कुणी गप्प बसायचं नाही, जो गप्प बसेल त्याचा चहा बंद. पोपटाचं तर नंदनवनच झालं. पुढच्या खेपेला बाईंनी मास्तरांना कात्रीची परवानगी दिली, पण बसून, आणि कुणीतरी जवळ असताना. मास्तर कात्रीला हात लावेनात. आज धार नाही, उद्या उजेड नाही, परवा कंबर दुखते. खरं काय ते वहिनींना कळत होतं. माणसाला भीती वाटत होती की कात्री उचलली आणि काही आलंच नाही तर.

शेवटी एक दिवस दुकानातच वहिनींचा बांध फुटला. "माझ्या भावाचा कोट आठवतो? आपलं लग्न ठरलं तेव्हा शिवलात तो? आजही अंगावर तसाच बसतो. तेव्हा कुठे होती तुमची तंद्री? ही मेली चार-पाच वर्षांपूर्वी आली, आणि सगळं श्रेय हिला! मी जिच्याशी संसार केला ती काय तंद्री होती?"

दुसऱ्या दिवशी पोपटानं एक पुडकं आणून टेबलावर टाकलं. आत चांगलं राखाडी कापड होतं. "माझ्यासाठी कोट," तो म्हणाला. "बिघडला तर बिघडला. नाहीतरी मला कोण बघतंय?" आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट शिवणाऱ्या पोपटाकडे स्वतःचा कोट नव्हता, हे तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मास्तर उंच स्टुलावर बसले. पोपटाचे खांदे बघितले. मापं घेतली, खडूच्या रेघा मारल्या. मग कात्री उचलली. पोपट त्याच्या मावशीच्या गाढवाची कुठलीतरी गोष्ट सांगत होता, मशिनी खडखडत होत्या, इस्त्रीवाला खोटी आहे गोष्ट म्हणून भांडत होता. कात्री कापडात शिरली आणि चालायला लागली. मास्तर कुठेच थांबले नाहीत. पाठ झाली, पुढचे भाग झाले, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीला गाढव पोपटाच्या मावशीच्या पलंगावर चढलं, मास्तरांना खुदकन हसू फुटलं आणि कात्री बोटभर आत गेली.

सगळे थिजले. वहिनी धावत आल्या. मास्तर कापडाकडे बघत होते आणि हसतच होते, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चुकलं," ते म्हणाले. "अगं, चुकलं बघ. इथे हसलो आणि इथे सरकली कात्री. बघितलं मी सरकताना. पहिल्या रेघेपासून सगळं आठवतंय मला. सगळं मीच कापलं."

"बाहीला कापड पुरेल का?" पोपटानं काळजीनं विचारलं.

"पुरवू रे. जोड असा लावीन की तुझ्या मावशीच्या गाढवालाही दिसायचा नाही."

मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि कितीतरी दिवसांनी बायकोकडे नीट बघितलं. आधी तोंडाकडे, खांद्यांकडे नाहीच.

"त्या दिवशी तू हाक मारलीस म्हणतेस, ती मला ऐकूच आली नाही गं. किती वेळा मारलीस?"

"मोजल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"आता मार."

दुकानात सगळे बघत होते. वहिनींना लाज वाटली, पदर तोंडाला लावला, पण हाक मारली.

"अहो."

"ओ," मास्तर म्हणाले.